भांडं परत पाठवा

खुर्शीद आपा कुणाच्याही घरी जेवायला बसल्या, की जेवण झाल्यावर ताट पालथं करून त्याचं बूड बघायच्या. लग्न असो, बारसं असो, मौतीनंतरचं जेवण असो. यजमान समोर उभा असला तरी त्यांना फरक पडायचा नाही. एकदा ताटात राहिलेला रस्सा कुणाच्या तरी कोऱ्या सतरंजीवर ओघळला, तर त्या घरमालकिणीलाच म्हणाल्या, "सतरंजी धुता येती बाई. भांडं कुणाचं, हे धुवून कळत नाय."

माझी आणि त्यांची ओळख अशाच एका पालथ्या ताटावरून झाली. मी तेव्हा टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होते. वैजापूरचं सासर सोडून आले होते, म्हणजे सोडून यावं लागेल अशी व्यवस्था सासरच्यांनीच केली होती. जवळ एक ट्रंक आणि आईनं दिलेल्या भांड्यांतलं एकुलतं एक स्टीलचं ताट. त्या वेळच्या औरंगाबादेत नवऱ्याला सोडून आलेल्या बाईला खोली द्यायला कुणी राजी नव्हतं. भडकल दरवाज्याच्या अलीकडच्या गल्लीत एका मुसलमान मास्तरणीची माडी रिकामी आहे, असं ऑफिसातल्या एकीनं सांगितलं, म्हणून गेले. उर्दू शाळेत शिकवणारी, पन्नाशीकडे झुकलेली, किडकिडीत, चष्मा कपाळावर चढवून ठेवणारी बाई. मी आता चौकशांना उत्तरं द्यायची तयारी करून उभी होते. त्यांनी माझ्या ट्रंकेवरचं ताट उचललं, उलटं केलं, चष्मा खाली घेतला आणि बुडाशी टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं वाचली, "चि. सुमन हिला आईकडून."

"बाकी भांडी?"

"सासरी."

"नाव हैं उनपे?"

"सगळ्यांवर."

"फिर डरती कायकू? रहो."

नवऱ्याबद्दल त्यांनी त्या दिवशीही विचारलं नाही आणि नंतरही कधी नाही. भांड्यांबद्दल मात्र दर आठवड्याला विचारायच्या.

त्या गल्लीत हिंदू-मुसलमान घरं एकाआड एक होती आणि सणाला एकमेकांकडे हिस्सा जायचा. हिस्सा म्हणजे आपल्या घरी शिजलेल्यातला शेजाऱ्याचा वाटा. झाकून पाठवायचा, आणि ज्या भांड्यातून आला ते भांडं धुऊन, त्यात काहीतरी घालून परत करायचं. रिकामं भांडं परत करणाऱ्याला गल्लीत कुणी माणसात धरत नसे, आणि भांडं ठेवून घेणारा तर आमच्या गल्लीत असेल असं कुणाच्या मनातही येत नसे. पहिल्या ईदेला मी माडीच्या खिडकीतून बघत होते. आपांनी घरोघर शीरखुर्मा पाठवला. समोरच्या वकीलसाहेबांकडे जायचा वाडगा मात्र त्या स्वतः घेऊन गेल्या. त्यांच्या बायकोच्या हातात दिला आणि आपल्या दारात परत येऊन, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "भांडं परत पाठवा, वकीलसाब! अल्ला तुम्हारी उम्र दराज करे!"

उम्र दराज करे, म्हणजे दीर्घायुष्य देवो. मला वाटलं, केवढ्या मोठ्या मनाची बाई आहे! दिवाळीपर्यंत मला कळलं, की त्यांच्यासारखी आकसखोर बाई उभ्या शहरात नव्हती. आणि सांगायला हरकत नाही, त्यानंतर त्या मला जास्त आवडायला लागल्या.

आपांच्या आतल्या खोलीत भिंतीत काचेचं कपाट होतं. शुक्रवारी नमाज झाला, की त्या मऊ मलमलीच्या तुकड्यानं त्यातली भांडी पुसायच्या. जुनी चिनी भांडी होती ती, खरोखर चीनहून आलेली. दुधासारखी पांढरी जमीन, सोनेरी काठ, वर गुलाबी आणि हिरवा मीना. प्रत्येक ताटावर फांदीला लगडलेली सप्ताळूची, म्हणजे पीचची फळं, टोकाशी गुलाबी आणि देठाशी पिवळट होत गेलेली. त्यांच्याभोवती उडणारी पाच तांबडी वटवाघळं, आणि मधोमध एक गोल नक्षी, अक्षरासारखी. "आँखाँ बंद कर," त्या म्हणायच्या आणि माझं बोट धरून सप्ताळूवर फिरवायच्या. मीना बोटाला वर उचललेला लागायचा. "लगा? जो बोट को नहीं लगता वो छापा. नकली. उसको हाथ नक्को लगाना." मग ताट उलटं करायच्या. बुडाच्या कड्याच्या आत सुईच्या टोकाएवढ्या टिंबांनी फारशी अक्षरांत नाव कोरलेलं असायचं. जैनब. ही आपांची आजी.

"हमारी दादी लिखवाती थी, तुम्हारी अम्मा लिखवाती," त्या म्हणाल्या. "औरताँ को मालूम रहता, घर में से पहले क्या जाता करके."

ही भांडी एकदा घरातून गेली होती, ती पोलीस ॲक्शनच्या वेळी. आपांचे वडील निजामाच्या राज्यात तहसीलदार होते. फौजा शहराकडे येताहेत म्हटल्यावर कुणाचं काय होईल याचा भरवसा राहिला नव्हता. समोरचे तरुण वकीलसाहेब हे वडिलांचे जिवाभावाचे दोस्त. ठरलं असं, की भांडी त्यांच्याकडे ठेवायची. पण गल्लीतून उघड न्यायची कशी? तेव्हा आपांच्या आईनं मोठ्या डेगीत खिचडी शिजवली. एकेका ताटात खिचडी घालायची, वर रुमाल टाकायचा आणि हिस्सा म्हणून समोर पाठवायची. बघणाऱ्याला वाटावं, शेजारधर्म चाललाय. सगळ्यात शेवटी गेली ती मोठी काब. काब म्हणजे बिर्याणी वाढायचं पसरट ताट. घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाच्या पुढ्यात ती यायची. तिच्यावर सप्ताळूंचं अख्खं झाड होतं. ती आपांनी स्वतः नेली. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या.

"वजन खिचडी का नहीं था," त्या सांगायच्या. "वकीलसाब ने दोनों हाताँ से लिया. बोले, बेटी, अमानत है."

पुढचं खरं सांगितलं पाहिजे, आपाही सांगायच्या. वकीलसाहेबांनी आपांना आणि त्यांच्या आईला वाईट दिवसांत स्वतःच्या घरात ठेवून घेतलं. दारावर लोक आले तेव्हा उंबऱ्यात आडवे उभे राहिले. "जान बचाया. मैं मरते तक मानूँगी. जान का हिसाब अलग, भांड्याचं अलग." वडील काही महिने कैदेत राहून परत आले. घर थोडं सावरल्यावर कुणी पाहुणे यायचे होते, म्हणून त्यांनी आपांना समोर पाठवलं, काब घेऊन ये. वकीलसाहेब ओसरीवर पक्षकारांसोबत बसले होते. सगळ्यांदेखत म्हणाले, "कुठली भांडी? खिचडी आली होती. ती खाल्ली, भांडी धुऊन तेव्हाच परत केली. साहेबांनी विकून टाकली असतील, आता आठवत नसेल."

घराघरातून ही गोष्ट फिरली. तहसीलदारांनी भांडी विकली आणि आता मित्रावर आळ घेतात. ज्या माणसानं घरच्या बायका वाचवल्या त्याला खोटं कोण म्हणणार? वडिलांनी परत विचारलं नाही. भांडण केलं नाही. "बस, खाना कम कर दिए," आपा म्हणायच्या, आणि इथं त्यांचा हात मलमलीवर थांबायचा. "दो साल में चले गए. गल्ली की नजर में झूठे बन के गए. मेरेकू काब नक्को थी, सुमन. अब्बा की जबान वापस होना."

काब वकीलसाहेबांच्या दिवाणखान्यात, काचेच्या शोकेसमध्ये, भिंतीला टेकवून उभी होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगायचे, सासऱ्यांकडून आलेली आहे, हैदराबादची. बाकीची ताटं त्यांनी मोठ्या पक्षकारांच्या मुलींच्या लग्नात आहेर म्हणून वाटून टाकली. फुकटातला आहेर, त्यामुळे उदारपणाचं नाव झालं. चिनी ताटाचं बूड कोण बघतो?

आपा बघत होत्या. वकीलसाहेबांचे पक्षकार कोण, कुणाच्या घरी कार्य झालं, हे त्या शाळेतल्या मुलींकडून काढून घ्यायच्या आणि रविवारी एसटीनं तिथं हजर व्हायच्या. सिल्लोडच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे मी त्यांच्याबरोबर गेले होते. पिशवीत कोरी करकरीत स्टीलची भांडी. त्या काळी स्टीलचं वेड होतं. व्यापाऱ्याची बायको कोनाड्यातलं धूळ खात पडलेलं चिनी ताट घेऊन आली. आपांनी ते आधी उलटं केलं, नाव बघितलं आणि मगच सुलटं केलं. बाई स्टीलचा डबा वाजवून बघत म्हणाली, "व्हय, न्या की ते. लेकरं हात लावत्यात, फुटंल म्हून जीव टांगलेला ऱ्हातो. ह्यो डबा लई झाक हाय." परतताना आपांनी ताट मांडीवर धरलं होतं आणि खिडकीतून बाहेर बघत हसत होत्या.

या शोधात बिननावाची भांडीही त्यांच्या हाती लागायची. करकोचे रंगवलेला एक पेला, दुधीभोपळ्याच्या आकाराची एक सुरई, हरणाचं चित्र असलेली चहाची बशी. मीना खरा, काम जुनं, पण बुडाशी जैनब नाही. ती त्यांना टाकवायची नाहीत. "यतीम हैं बिचारे," म्हणत खालच्या फळीवर ठेवायच्या.

या चित्रांचा अर्थ त्यांना शहरातल्या एका चिनी दातवाल्यानं सांगितला होता. त्याच्याकडे दाढ काढायला गेल्या त्या पिशवीत ताट घेऊनच. तो म्हणाला, असं भांडं घरातल्या म्हाताऱ्याला वाढदिवसाला देतात. सप्ताळू म्हणजे लांब आयुष्य, करकोचा म्हणजे तेच, वटवाघूळ म्हणजे नशीब, आणि मधला गोल म्हणजे उमर, उमर, उमर. आपांनी विचारलं, "मग हे ज्याच्या घरात आहे तो मरणार नाही?" चिमटा हातात धरून तो हसला. "चीन में सब मरते, बाई."

पण आपांनी हवं तेवढंच ऐकलं. त्या दिवसापासून वकीलसाहेबांना त्यांचा दीर्घायुष्याचा आशीर्वाद सुरू झाला. मी एकदा चिडून म्हटलं, "त्या माणसाला शिव्या द्यायच्या सोडून आशीर्वाद कसले देता?"

"मरा तो छूट जाता ना, पगली. मैं छूटने नहीं देती. जीने दो. बाल सफेद होने दो, दाँत गिरने दो, सब दोस्ताँ जाने दो. उसको मेरी आवाज सुनते रहना."

माझ्या भांड्यांचं म्हणाल तर तेही त्यांनीच सोडवलं. सासरी दिराच्या मुलाची मुंज निघाली. मला बोलावणं असण्याचा प्रश्नच नव्हता. आपा म्हणाल्या, "जेवायला जायचं." दोघी वैजापूरला जाऊन पंगतीत बसलो. सासूबाई वाढायला आल्या आणि मला बघून त्यांच्या हातातलं वरण तिथंच थांबलं. आपा शांतपणे जेवल्या. मग ताट पालथं केलं आणि शाळेत हजेरी घेतात त्या आवाजात वाचलं, "चि. सुमन हिला आईकडून." शेजारच्या बाईचं ताट मागून घेतलं. "चि. सुमन हिला आईकडून." तिसऱ्या बाईनं आपणहून उलटं करून बघितलं. मग पंगतभर ताटं पालथी होऊ लागली. बायका एकमेकींना वाचून दाखवत होत्या. माझ्या सासऱ्यांना इतकं लाल झालेलं मी लग्नातही पाहिलं नव्हतं. संध्याकाळच्या एसटीच्या टपावर माझी सगळी भांडी होती. खरकटी आणली, मुद्दाम. घरी येऊन घासताना मी गाणी म्हणत होते. ज्यांना हे क्षुद्र वाटतं त्यांची भांडी कुणी ठेवून घेतलेली नाहीत.

पण वकीलसाहेबांच्या घरी पंगतीत बसून काही होणार नव्हतं. काब शोकेसमध्ये, शोकेसला कुलूप, किल्ली बायकोच्या कमरेला. त्यांची बायको आपांचा वाडगा दर ईदेनंतर चिमूटभर साखर घालून परत करायची, मान खाली घालून. तिला सगळं ठाऊक होतं. ती वारली, तेव्हा किल्ली शोकेसलाच लटकत राहिली. पुढच्या वर्षी मुलाचं लग्न झालं. मुलगा वाळूजच्या कारखान्यात इंजिनियर, सून पुण्याची. मोकळ्या स्वभावाची पोर होती. गल्लीशी तिला ओळख करून घ्यायची होती. समोरच्या आपांचं आणि आपल्या घराचं काय आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. नव्या सुनेला घरातली चोरी कोण सांगतो?

पहिल्या दिवाळीला तिनं दारोदार फराळ वाटला. आपांसाठी तिनं खास विचार केला. मुसलमान घरात चिनी मातीची भांडी चालतात, आणि आपा तर गल्लीत सगळ्यांत वडीलधाऱ्या. तेव्हा घरातलं सगळ्यात सुंदर ताट काढावं. सासरे फिरायला गेले होते. तिनं शोकेस उघडली, काब धुतली, तिच्यात करंज्या, चकल्या, चिवडा रचला आणि स्वतः घेऊन आली. सुटी होती, मी खालीच बसले होते.

आपांनी काब दोन्ही हातांनी घेतली. पोरीला जवळ बसवलं, तोंड गोड केलं, "जीते रहो" म्हणाल्या. ती गेल्यावर एकेक करंजी उचलून परातीत ठेवली. घाई केली नाही. काब रिकामी झाल्यावर सप्ताळूचं झाड वर आलं. मग त्यांनी ती उलटी केली. त्यांनी बुडावरून अंगठा फिरवला.

"दादीजान," त्या म्हणाल्या. "आ गए?"

तेवढ्यात समोर आरडाओरडा झाला. वकीलसाहेब परतले होते. सून रडकुंडीला येऊन काही सांगत होती. मग ते स्वतः ओट्यावर आले. सत्तरी उलटलेला माणूस, आवाज अजून कोर्टातलाच. आणि रागाच्या भरात, भर गल्लीत, त्यांच्या तोंडून तेच शब्द गेले.

"खुर्शीद! सूनबाईनं चुकून पाठवलंय! भांडं परत पाठवा!"

आसपासच्या ओट्यांवर कुणीतरी खुसकन हसलं. तीस-पस्तीस वर्षं ईदेला ऐकलेली हाक होती ती. आपा दारात गेल्या.

"हौ वकीलसाब, बराबर है! आलेलं भांडं परत जातं! पण आमच्याकडून रिकामं नाय जात. ठहरो."

त्यांनी खिचडी टाकली. मसूर, तांदूळ, वर तळलेला कांदा, त्यांच्या आईनं केली होती तशीच. ती शिजेपर्यंत त्या काब मांडीवर पालथी घेऊन बसल्या आणि सुरमादाणीतली सळई टिंबाटिंबावरून फिरवत राहिल्या. पुसून काढल्यावर पांढऱ्या बुडावर काळं, ठसठशीत नाव उमटलं. मग माझ्या परातीत खिचडी काढली, आणि तिच्यावर झाकण म्हणून काब पालथी घातली. बूड वर.

"आपा, मी नेते," मी म्हटलं.

"तब मैं लेके गई थी. अब भी मैंच लेके जाती."

दिवेलागणीची वेळ. सगळे दारात. त्या सरळ समोर गेल्या नाहीत, गल्लीच्या टोकापासून सुरुवात केली. प्रत्येक दारापुढे थांबायच्या. कोर्टात पेशकार म्हणून निवृत्त झालेले नाना ओट्यावर बसले होते. निजामाच्या काळी शिकलेले, उर्दू लिहिण्यात हयात गेलेली. आपांनी परात त्यांच्या डोळ्यांपुढे धरली. "नाना, काय लिहिलंय वाचा. माझा चष्मा घरी राहिला."

चष्मा त्यांच्या कपाळावर होता. नानांनी वाकून अक्षरांवरून बोट फिरवलं. मग मोठ्यानं म्हणाले, "जैनब."

"कोण होत्या?"

"तहसीलदारसाहेबांच्या आई. मी लहानपणी बघितलंय त्यांना." आणि मग, कुणी न विचारता, समोरच्या ओट्याकडे तोंड करून नाना म्हणाले, "म्हंजे साहेब खोटं बोलले नव्हते."

आपांचे डोळे भरलेले मी त्या एकदाच पाहिले. पण पाय थांबले नाहीत. वकीलसाहेबांच्या पायरीशी जाऊन त्यांनी परात त्यांच्या हातात दिली. "खिचडी है. अब्बा ने भेजी थी, वैसीच. खाओ. और भांडं परत पाठवा. अल्ला तुम्हारी उम्र दराज करे."

नंतरचे दिवस मी कधी विसरणार नाही. कुणी त्यांच्याशी भांडलं नाही. फक्त सकाळी त्यांच्या ओट्यावर पेपर वाचायला येणारी माणसं नानांच्या ओट्यावर बसायला लागली. सून सासऱ्यांना ताट वाढून आत निघून जायची. आणि गल्लीतली पोरंटोरं शाळेला जाता-येता ओरडायची, "भांडं परत पाठवा!" मी त्यांना गप्प केलं नाही. उलट एकदोघांना चॉकलेट दिलं.

शेवटी एका सकाळी वकीलसाहेब आमच्या दारात उभे राहिले. काब दोन्ही हातांत, तिच्यात साखर, माझी परात काखेत. गल्ली बघत होती.

"खुर्शीद, तुमचं भांडं."

"तुमचं म्हणजे कुणाचं?"

"जैनब बेगमचं."

"परत कधी करताय?"

म्हाताऱ्यानं ओठ चावला. "आत्ता करतोय. तेव्हा केलं नव्हतं." मग हळूच म्हणाला, "बेटी, माफ कर."

मला वाटलं, आता या विरघळतील. त्यांनी काब घेतली, ओट्याच्या कडेला मुंग्यांची रांग होती तिथं सगळी साखर ओतली, पदरानं काब पुसली. "माँगते तो अब्बा पूरा सेट दे देते," त्या म्हणाल्या. "माफी का बर्तन अलग रहता वकीलसाब. वो मेरे घर में नहीं है." आणि दार लावून घेतलं.

त्या शुक्रवारी आपांनी सगळी चिनी ताटं काढली. काब येईपर्यंत त्या सेटमध्ये त्यांनी घास घेतला नव्हता. गल्लीतलं प्रत्येक घर जेवायला होतं, शाकाहारी लोकांसाठी मी वेगळं केलं होतं. काब वकीलसाहेबांच्या सुनेपुढे मांडली. खिडक्या मुद्दाम उघड्या ठेवल्या. समोरच्या घरात एकटे वकीलसाहेब होते आणि आमचं हसणं त्यांना ऐकू जात होतं. मी जरा जास्तच हसले.

पुढे बरीच वर्षं गेली. मुलगा-सून वाळूजकडे फ्लॅट घेऊन राहायला गेली. वकीलसाहेब मागे राहिले, नव्वदीच्या घरात, वरच्या खोलीत. त्यांच्या पिढीतलं गल्लीत कुणी उरलं नाही, नानाही गेले. आपांना पोटाचं दुखणं लागलं. अंथरुणावरून त्यांनी घराघरात एकेक ताट पाठवलं, आणि मला निरोप सांगायला लावला, "ही भांडी परत पाठवू नका." यतीम भांडी माझ्या वाट्याला आली. काब मात्र उशाशी ठेवली.

"मेरे चालीसवें को खिचडी बना," त्या म्हणाल्या. "काब में डाल, वकील को दे. और वापस मत माँग."

"आपा! जन्मभर ज्याच्यामागे लागलात ती काब त्यालाच द्यायची?"

"दे नहीं रही, पगली. हिस्सा भेज रही." आणि किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर सिल्लोडच्या एसटीतलं हसू आलं.

चाळिसाव्या दिवशी मी खिचडी केली. काब धरून वकीलसाहेबांचा जिना चढले. ते खाटेवर बसले होते. काब त्यांच्या मांडीवर ठेवली. रुमाल काढून त्यांनी बघितलं, ओळखलं. खिचडीला हात लावला नाही.

"खुर्शीद तर गेली," ते म्हणाले. "मग हे भांडं परत कुणाकडे पाठवू?"

मी रुमालाची घडी घातली.

"तुझ्याकडे पाठवतो. तूच घेऊन जा."

"माझं नाव नाही त्यावर."

"अगं, मग कुणाला देऊ? मी मेलो म्हणजे... हे असं ठेवून कसा जाऊ मी?" त्यांनी माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला.

"बुडाशी नाव लिहिलंय, वकीलसाहेब. त्यांना परत करा."

दारातून मी वळून बघितलं. काब मांडीवर दोन्ही हातांनी धरून ते बसले होते. गल्लीत उतरल्यावर मी वर तोंड केलं आणि आपांच्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "अल्ला तुम्हारी उम्र दराज करे!"

त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले.